जुने औद्योगिक शिलाई यंत्र : झीज कोणती, जुळणी कोणती?

कपड्यांच्या कारखान्यातून निघालेले शिलाई यंत्र एखाद्या शिंप्याच्या दुकानात किंवा महिलांच्या स्वयंसहाय्य गटाकडे येते, तेव्हा ते बहुधा चालते. पण नीट शिवत नाही. टाके सुटतात, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. मग ‘हुक गेला’ असा निर्वाळा मिळतो आणि स्वस्तात घेतलेले यंत्र महागात पडते. वास्तविक अशा तक्रारींपैकी पुष्कळशा झिजेच्या नसून जुळणीच्या असतात. दुरुस्तीला क्रम असतो आणि त्या क्रमात हुकाची पाळी सर्वांत शेवटी येते.

बाजारात अशा यंत्राला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कोणाचेही असो. जुकी ही टोकियोची १९३८ सालची कंपनी. तिच्या डीडीएल-८७०० या एकसुई यंत्राच्या धाटणीची यंत्रे इतर अनेक उत्पादकही बनवतात. पुढील मापे त्याच धाटणीची आहेत. यंत्र वेगळे असल्यास त्याची पुस्तिका प्रमाण मानावी.

विकत घेण्यापूर्वी मोटर बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. ते सर्वत्र सारखे हलके फिरले पाहिजे. सुईदांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर बुश झिजले आहेत, आणि हे काम खर्चाचे असते. प्लेटच्या छिद्राभोवती सुईचे ओरखडे असतील तर बारीक पॉलिश कागदाने ते जातात. छिद्रच लांबट झाले असेल तर प्लेट बदलावी. मोटरवरील पट्टी वाचणे मात्र पुष्कळदा राहून जाते. कारखान्यातील मोटर थ्री-फेजवर चालणारी असू शकते आणि घरगुती सिंगल-फेज जोडणीवर ती चालत नाही. अशा वेळी मोटर बदलण्याचा खर्च किमतीत आधीच धरावा.

यंत्र घरी आल्यावर पहिले काम सफाईचे. प्लेट काढून दात्यांखालचा कापसाचा थर ब्रशने काढावा. हेड मागे कलते करून तेलाच्या टाकीतील काळे तेल उपसावे, घट्ट बसलेला चिकटा रॉकेलने पुसावा आणि सुकल्यावर पांढरे पातळ मशीन तेल वरच्या व खालच्या खुणेच्या दरम्यान भरावे. खोबरेल किंवा खाद्यतेल कदापि घालू नये. ते आतच घट्ट होऊन बसते. नंतर दोरा काढून, फूट वर उचलून यंत्र मध्यम वेगाने दहा मिनिटे चालवावे. हेडवरच्या काचेत तेल उडताना दिसले की पंप ठीक. दिसले नाही तर आधी चाकाची दिशा पाहावी. चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडे यायला हवा. तारा उलट जोडलेली थ्री-फेज मोटर उलटी फिरते. दिशेची ही दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्यावी.

यानंतर सुई. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, म्हणून ती चुकीची बसत नाही. औद्योगिक डीबी सुईचा दांडा गोल असतो आणि ती कोणत्याही कोनात बसते, त्यामुळे घरगुती यंत्राची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. सुईची लांब खाच डावीकडे आणि खोलगट भाग उजवीकडे, हुकाच्या दिशेने हवा. दोरा डावीकडून उजवीकडे ओवावा. पातळ सुती कापडाला ११ क्रमांकाची आणि जाड कापडाला १६ क्रमांकाची सुई चालते. नवी सुई सरळ बसवताच निम्मे आजार बरे झालेले यंत्र पाहण्यात येते.

कापडाखाली दोऱ्याचे वेटोळे दिसले की अनेकजण बॉबिन केसचा स्क्रू पिळतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. त्याचा ताण कमी पडला आहे किंवा तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नाही. खालचा दोरा कापडावर दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे. आधी बॉबिन केस दोऱ्यावर लोंबती धरावी. हलक्या झटक्याने ती थोडीशी उतरून थांबली की खालचा ताण योग्य समजावा. मग फक्त वरची चकती फिरवावी.

इतके करूनही टाके सुटत असतील, तर हुकाची वेळ तपासावी. सुई तळाशी जाऊन वर येऊ लागली की खोलगट भागाजवळ दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्याच क्षणी हुकाचे टोक त्या फासात शिरले पाहिजे. हुक दर टाक्याला दोन फेरे घेतो, त्यामुळे थोडी चूकही पुरते. जाड शिवणीवर सुई अडकून मोडली की हुक जागचा सरकू शकतो.

मोटरचा स्विच बंद करावा आणि ती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. जुनी क्लच मोटर स्विच बंद केल्यावरही काही काळ फिरत राहते आणि पायडल दाबले तर सुई खाली येते. सुईदांड्यावर डीबी सुईसाठी वरच्या दोन खुणा असतात. दांडा तळाशी असताना पहिली खूण खालच्या बुशच्या कडेला जुळली पाहिजे. ही उंची आधी साधावी. मग चाक फिरवून दुसरी खूण कडेला आणावी. या स्थितीत हुकाचे टोक सुईच्या मध्यरेषेवर, छिद्राच्या किंचित वर असायला हवे. तसे नसेल तर हुकाचे तीन स्क्रू सैल करून तो फिरवावा. सुई आणि टोक यांतील फट ०.०४ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. टोक सुईला घासले तर दोन्ही खराब होतात.

एवढी जुळणी अचूक असूनही टाके सुटले, तरच हुकाला दोष द्यावा. भिंगाने टोक पाहावे. बारीक कुस तेलदगडाने जाते. टोकच बोथट झाले असेल तर नव्या हुकाला पर्याय नाही.

दात्यांची उंची प्लेटच्या वर सुमारे ०.८ मिलिमीटर ठेवतात. पट्टा बोटाने दाबल्यावर साधारण दीड सेंटिमीटर दबावा. शिकाऊ हातांसाठी क्लच मोटरऐवजी सर्वो मोटर बरी. ती पायडल दाबल्यावरच फिरते आणि वेगाला मर्यादा घालता येते.

गोव्याच्या पावसाळ्यात दोन-तीन आठवडे बंद राहिलेल्या यंत्राच्या सुईदांड्यावर आणि हुकावर गंज चढू शकतो. बंद ठेवण्यापूर्वी या दोन ठिकाणी तेलाचा हात फिरवावा. पुन्हा सुरू करताना यंत्र तीन मिनिटे मोकळे चालवावे, मग बॉबिन केस काढून हुकाखाली पांढरा कागद त्याला न लागता पाच सेकंद धरावा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली की कापड लावायला हरकत नाही.