राखेचा थर आणि धान्याचे पेव

म्हैसुराहून टी. नरसीपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा नावाचे गाव आहे. गावाला तळे आहे; कृष्णराजसागराचे पाणी या भागात आणणारा कालवाही वरुणेच्याच नावाने ओळखला जातो. जलदेवतेचे नाव धारण करणाऱ्या स्थळी ज्वालामुखीचा विषय काढणे वाचकांस विसंगत वाटेल. येथला दगडही त्या बाबतीत साक्ष देण्यास तयार नाही. चामुंडी टेकडीचा ग्रॅनाइट सुमारे ८० कोटी वर्षांचा, आणि भोवतालचा पट्टेदार खडक तर ३०० कोटी वर्षांच्या घरातला. आम्हां मराठी माणसांची गोष्ट वेगळी. रायगडापासून वेरूळपर्यंत ज्या काळ्या पाषाणावर आमचा इतिहास उभा आहे, तो सगळा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. परंतु तो लाव्हा भेगांतून पाझरून थरावर थर पसरला. त्या काळी मनुष्यप्राणी नव्हता, म्हणून त्याला इतिहास म्हणता येत नाही.

इतिहासात शिरणारी राख निराळी. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक येथे नदीने कापलेल्या दरडीत राखेचा एक फिकट थर दिसतो. तशीच राख कऱ्हेकाठी मोरगावच्या परिसरातही सापडली आहे. मोरगावला आमचे लोक शतकानुशतके मयूरेश्वराच्या दर्शनाला जात आले. पायांखालच्या मातीत समुद्रापारची राख आहे याची कल्पना कोणाला असणार? बोरीच्या थराशी अश्मयुगीन दगडी हत्यारे निगडित असल्याने त्याच्या वयाचा प्रश्न १९८० नंतरच्या काळात विद्वानांत बराच गाजला. कोणी ते १४ लाख वर्षे मानले, कोणी पावणेसात लाख, तर कोणी ही राख सुमात्रा बेटातील तोबाच्या शेवटच्या, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरविली. वाद पुरता मिटलेला नाही, आणि घाईने मिटवावा असे आम्हांस वाटतही नाही.

तोबाचा तो शेवटचा स्फोट मात्र निर्विवाद आहे. त्याच्या विवरात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी. शास्त्रज्ञ ज्याला महाज्वालामुखी म्हणतात तो हाच. आंध्रातील ज्वालापुरम् येथे त्याची राख जाड थरांनी साचलेली आढळली. (गावाचे नाव ज्वालापुरम् असावे हा केवळ योगायोग.) तेथील उत्खननाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा राखेच्या खाली आणि वर मिळालेली दगडी हत्यारे बव्हंशी एकाच घडणीची असल्याचे दिसून आले. शोण नदीच्या खोऱ्यातील ढाबा येथेही २०२० साली अशीच अखंडता दाखविण्यात आली. या स्फोटाने मनुष्यजात जवळजवळ नामशेष झाली असा एक सिद्धांत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला होता. हिंदुस्थानच्या मातीने त्याला दुजोरा दिलेला नाही. माणसे मेली नसतील असे नव्हे. पण त्यांची टोळी लहान होती, आणि शिकार हटली की तिच्या मागे जाता येत होते. शेताला बांधलेल्या माणसाला ही सोय उरली नाही.

शेती करणाऱ्या माणसाला अशा स्फोटाचा काय अनुभव आला हे पाहावयाचे तर १८१५ सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी १० एप्रिलला जावाच्या पूर्वेस सुंबावा बेटावर तंबोरा नावाचा पर्वत फुटला. आमच्या तंबोऱ्याशी त्याचा संबंध नाही. तथापि त्याचा आवाज हजारो किलोमीटर ऐकू गेला खरा. पाच दिवस आधी झालेल्या पहिल्या स्फोटाच्या वेळी जावात तोफा डागल्याचा समज होऊन पलटणी हलविल्या गेल्या होत्या. सुमारे ४३०० मीटर उंचीचा पर्वत २८५० मीटरांवर आला आणि बेटांवर सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली असे मानतात. यांतली पुष्कळशी आगीने नव्हे, तर मागाहून उपासमारीने आणि रोगाने गेली.

अशा स्फोटातली राख काही आठवड्यांत खाली बसते. घात करतो तो गंधकाचा वायू. तो आकाशाच्या वरच्या थरांत जाऊन आम्लाचे सूक्ष्म कण बनतो, आणि ते कण दोन-तीन वर्षे सूर्यप्रकाश अडवितात. जमीन पुरेशी तापली नाही तर समुद्रावरचे वारे तिच्याकडे ओढले जात नाहीत, आणि आपला पाऊस तर त्या वाऱ्यांवर अवलंबून. १८१६ साली युरोपात उन्हाळा आला नाही हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बंगालकडील पावसाचे मान बिघडले, आणि १८१७ च्या ऑगस्टात जेसोरला पटकीची ती साथ उसळली, जी पुढे जगभर गेली. पावसाच्या विस्कळीतपणाने उपसागराकाठच्या खाऱ्या पाण्यातील रोगबीज बदलले असावे, असा तर्क अलीकडे मांडला गेला आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

या तर्काचा धागा आमच्या इतिहासात येऊन अडकतो. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरी खून झाला तो जुलै १८१५ मधला, तंबोऱ्यानंतर तीन महिन्यांचा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यानंतरच्याच दिवसांत बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या छावणीत पटकी शिरली व हजारो माणसे गेली. आपण मेलो तर शत्रूस कळू नये म्हणून तंबूतच गुप्तपणे पुरावे, अशी आज्ञा त्यांनी देऊन ठेवल्याचे सांगतात. १८१८ च्या पावसाळ्यात साथ मुंबईपर्यंत पोचली. आमच्याकडे या रोगास मोडशी म्हणत, आणि फिरंग्यांनी याच शब्दाची मोडतोड करून आपल्या भाषांत नेला.

पेशवाई ज्वालामुखीने बुडविली असे मात्र कोणी म्हणू नये. असल्या सनसनाटी उपपत्तींचे हल्ली पेव फुटले आहे. छावणी ओस पडली ती विजेत्यांची, आणि तरी जिंकले तेच. बाजीरावांचे राज्य कशाने गेले ते आम्ही शाळेत असताना घोकले आहे; त्यात सुंबावा बेटाची भर घालण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या पाच-सहा वर्षांत रयतेने जे भोगले त्याचा हिशेब करताना तह आणि लढायांच्या तारखांखेरीज आभाळाकडेही पाहिले पाहिजे.

पाऊस बुडाला म्हणजे काय होते ते या म्हैसूर प्रांतानेच पाहिले आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाचे कारण ज्वालामुखी नव्हता, पण परिणाम तोच. १८७१ च्या खानेसुमारीत संस्थानची वस्ती ५० लाखांवर होती, १८८१ मध्ये ती ४२ लाखांच्या आत आली. त्यानंतर १८८० चे दुष्काळ कमिशन आणि दुष्काळसंहिता आली. पाऊस किती कमी झाला की कोणते काम काढावयाचे, कोणी कोणास कळवावयाचे, मजुरी किती द्यावयाची, हे सारे कागदावर आले. फाइलींना नावे ठेवण्याची चाल आम्हांस ठाऊक आहे, आम्ही त्यांतच बसतो. परंतु कित्येकांचे प्राण त्या कागदांनी वाचले असतील.

आता पुढचे. २०२२ साली काही संशोधकांनी बर्फाच्या गाभ्यांवरून असा अंदाज केला की, या शतकात तंबोऱ्याच्या तोडीचा स्फोट होण्याची शक्यता सहात एक आहे. तोबासारखा स्फोट फार दुर्मीळ. शेवटचा सुमारे साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वी न्यूझीलंडात झाला. पूर्वसूचनेचा उपयोग होतो, हे १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोने दाखविले. हजारो लोक वेळीच हलविले गेले. पण त्याच स्फोटाने जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले, आणि तापमानाला कोठे हलविता येत नाही. दूरच्या देशांना तयारी करावयाची ती अन्नाचीच.

आपल्या सरकारी कोठारांत दर १ जुलैला किमान ४११ लाख टन गहू-तांदूळ असावा असा दंडक आहे. १४० कोटींत तो वाटला तर माणशी २९ किलो पडतो, म्हणजे तीन महिनेही पुरे होत नाहीत. ८० कोटी लोकांना महिना ५ किलोप्रमाणे दिला तर दहा महिने जातात. कोठारांत पुष्कळदा याहून अधिक धान्य असते हे खरे. पण आभाळ दोन वर्षे रुसले तर परदेशांतून आणावयासही कोठे नसेल, कारण त्यांचेही आभाळ तेच.

पूर्वी आमच्याकडे ज्वारीची पेवे असत. कणग्या आणि तळघरे वेगळी. पेव जमिनीत खोल, तोंड लिंपून बंद केलेले. म्हैसुराकडे नाचणी अशीच भुयारी खड्ड्यांत ठेवीत आणि ती कित्येक वर्षे टिके. तिच्या बारीक दाण्याला किडीचे भय कमी. तांदळाला आणि गव्हाला एवढा धीर नाही. दक्षिण कर्नाटकात शिधापत्रिकेवर नाचणीही मिळते. नाचणी टिकते, भरड धान्यांना पाणी थोडे लागते, म्हणून कोठारांत त्यांचा वाटा वाढवावा असे आम्हांस वाटते. वर दिलेला ४११ लाख टनांचा दंडक मात्र गहू आणि तांदूळ या दोनच धान्यांचा आहे.