यूरोपीय संस्था आणि नागरिकाचा उत्तराचा हक्क

१९५२ साली झां मॉने यांच्या अध्यक्षतेखाली कोळसा व पोलाद समूहाच्या उच्चाधिकार मंडळाचे कार्य लक्झेंबर्ग येथे सुरू झाले. त्या वेळी या नव्या संस्थेचा व्यवहार मुख्यतः सरकारे, उद्योगपती आणि कामगार-संघटना यांच्याशी होता. सामान्य नागरिकाची संमती गृहीत धरलेली होती. तथापि यूरोपीय आर्थिक समूहाच्या १९५८ मधील पहिल्याच विनियमाने असे ठरविले की, चार अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत नागरिकाने लिहावे व त्याला त्याच भाषेत उत्तर मिळावे. आज या भाषा चोवीस आहेत. भाषेपुरता उत्तराचा हक्क असा आरंभीच मान्य झाला. धोरणाच्या बाबतीत तो मान्य होण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

१९७९ साली यूरोपीय संसदेची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी मतदान केले. पुढे संसदेचे अधिकार वाढत गेले. मतदान मात्र घटत जाऊन २०१४ साली ४३ टक्क्यांच्याही खाली आले. मध्यंतरी, १९९२ साली, डेन्मार्कने मास्ट्रिक्टचा तह सार्वमतात अल्प फरकाने फेटाळला होता. अशा नकारांचे एक निदान रूढ झाले : नागरिक अनभिज्ञ आहेत, सबब त्यांना अधिक माहिती पुरवावी.

हे निदान किती अपुरे होते, ते २००५ साली दिसून आले. यूरोपीय संविधानाच्या तहाची संहिता फ्रान्समध्ये मतदारांना घरपोच पाठविण्यात आली होती. सुमारे ६९ टक्के मतदार मतदानास आले आणि त्यांपैकी जवळजवळ ५५ टक्क्यांनी तह नाकारला. तीनच दिवसांनी नेदरलंडनेही तोच कौल दिला. या कौलाचे मूळ केवळ औदासीन्यात किंवा माहितीच्या अभावात शोधता येत नाही. त्याच वर्षी आयुक्त मार्गोट वॉलस्ट्रम यांनी लोकशाही, संवाद व चर्चा यांची योजना पुढे मांडली. परंतु नाकारलेल्या तहाचा बराचसा आशय २००७ च्या लिस्बन तहात आला आणि दोन्ही देशांत त्याला सार्वमताविना, संसदेतच मान्यता देण्यात आली. ऐकण्याची भाषा आणि प्रत्यक्ष कृती यांतील ही विसंगती नागरिकांच्या ध्यानात येणे स्वाभाविक होते.

आयर्लंडचा अनुभव यापेक्षा निराळा आहे. २००८ साली तेथील मतदारांनी लिस्बनचा तह फेटाळला. त्यानंतर तटस्थता, करआकारणी आदी बाबतींत त्यांना हमी देण्यात आली व २००९ साली सुमारे ६७ टक्के मतांनी तह स्वीकारला गेला. मधल्या आर्थिक संकटाचा परिणाम लक्षात घेतला, तरी आक्षेपांना ठोस उत्तर मिळाले होते, ही गोष्ट नगण्य ठरत नाही.

२०१२ पासून दहा लाख स्वाक्षऱ्यांच्या बळावर नागरिकांना आयोगाकडे कायद्याची मागणी करता येते. पाण्याच्या हक्काविषयीच्या अशाच एका मागणीचा काही अंश २०२० च्या पेयजलविषयक निर्देशात उतरला. फळ मर्यादित असले, तरी नागरिकाच्या म्हणण्याचा माग येथे कायद्यापर्यंत काढता येतो. यूरोपीय संस्थांच्या लोकसंवादाचे मूल्यमापन करताना प्रसृत झालेल्या पत्रकांच्या संख्येपेक्षा हाच माग अधिक विश्वसनीय प्रमाण मानावा लागेल.