अक्षराआधी शब्द

मजुराला सही करता आली की तो साक्षर झाला, असे आपण मानतो. परंतु कामगार-संघटनेत मी नेहमी पाहतो, की करारपत्रातील अक्षरे तो लावतो आणि ‘उपरोक्त’, ‘बिनशर्त’ अशा शब्दांपाशी अडतो. अक्षर ओळखीचे असूनही कागद मुकाच राहतो. ही शब्दांची शिदोरी बालपणीच बांधावी लागते, आणि त्या कार्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. शब्द शिकविण्याची त्यांची रीत तीन पायऱ्यांची होती. वस्तू मुलाच्या हाती देऊन ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’ असे सांगावयाचे. मग ‘खरखरीत कोणते ते दे’ म्हणावयाचे. शेवटी ‘हे कसे आहे?’ असे विचारावयाचे. शब्द आधी बोटांना कळे, मग जिभेवर येई. वाचन त्यानंतर.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी ही दृष्टी रुजविली. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. तथापि माँटेसरी साधने महाग. गरिबाच्या मुलाने काय करावे? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम मांडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, गोटे, बिया, पाने हीच तेथे साधने झाली. मुलाला ठाऊक असलेल्या वस्तूंपासूनच शब्दांची वाट सुरू झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. १९५७ साली हे कार्य कोसबाडला हलले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

त्याच १९४५ साली, त्याच ठाणे जिल्ह्यात, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. मला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात. ज्याच्यापाशी शब्द नाही, त्याला हक्क मागता येत नाही.

१९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. त्या नावातले अंगण आपण विसरू नये. भाजी निवडताना, पाणी भरताना मुलाशी बोला, वस्तूंची नावे सांगा, त्याचे ऐका. याला पैसा लागत नाही, आणि पुढे पुस्तक उघडताच त्यातले शब्द त्याला घरचेच वाटतात.