घोडे कुठून येत?

दख्खनच्या सुलतानांच्या लढाया पाठ्यपुस्तकात असतात. त्या लढायांतले घोडे कुठून येत, असे वर्गात विचारले की मुले एकमेकांची तोंडे पाहतात.

दख्खनच्या हवेत उमदा घोडा फारसा निपजत नसे. तो अरबस्तान आणि होर्मुझहून जहाजाने येई. चौल, दाभोळ, गोवा इथे उतरे. चौलहून घाट चढला की जुन्नर आणि पुढे अहमदनगर. ही तिजारत बरीचशी मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती होती.

पोर्तुगीज आले आणि समुद्रावर परवान्याचे राज्य सुरू झाले. त्यांचा परवाना म्हणजे 'कार्ताझ'. तो नसलेले जहाज लुटले जाई. इ.स. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाचे गोवा घेतले, १५१५ मध्ये होर्मुझ. घोडा चढे ते बंदर आणि उतरे ते बंदर, दोन्ही एकाच मुठीत गेली. हाजींच्या जहाजांनाही हाच परवाना लागे. त्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असत. अशा स्थितीत हज फर्ज राहत नाही, असा फतवा अकबराच्या दरबारातील मख्दूम-उल-मुल्क यांनी दिल्याचे बदायुनी नमूद करतो.

आणि आपले राजे? ते आपसांत झुंजत होते. १५४७ मध्ये विजयनगरने पोर्तुगीजांशी तह केला: गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच जातील, विजापूरला एकही नाही. शेजाऱ्याची पागा रिकामी पाडण्यासाठी परक्याशी केलेला हा करार मला तालिकोटच्या लढाईइतकाच महत्त्वाचा वाटतो. १५६५ मध्ये त्या लढाईत विजयनगर पडले आणि गोव्याचे मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे १५७० मध्ये अली आदिलशहा गोव्यावर, मुर्तझा निजामशहा चौलवर चालून गेले. वेढे महिनोन्महिने चालले. पण समुद्राकडून रसद येत राहिली, आणि ती तोडील असे आरमार दोघांपाशी नव्हते. १५७१ मध्ये वेढे उठले.

यातून थोडीफार वाट निघाली ती भीमेच्या काठी. मराठा अमदानीत इथे अरबी घोडा आणि देशी तट्टू यांच्या संकरातून भीमथडी घोडा तयार झाला. बड्या सरदारांच्या पागेत अरबी घोडे येतच राहिले, पण साध्या शिलेदाराला बंदराकडे पाहत बसायची गरज उरली नाही. हा घोडा दिसायला बेताचा, पण काटक आणि लांब मजल मारणारा. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. २०२३ मध्ये देशी जात म्हणून या घोड्याची सरकारदरबारी नोंद झाली. आज तो धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडतो.