मोटारीच्या पत्र्यावरील रंग व गंज काढणे

जुन्या मोटारीचा पुनरुद्धार करताना तिच्या सांगाड्यावरील जुने रंगथर, लांबी व गंज उतरवून धातू उघडा केला जातो. हे काम घासून, कणांचा मारा करून, रसायनांच्या साहाय्याने, विद्युत विच्छेदनाने किंवा लेसरने करता येते. संपूर्ण मोटारीला सारखीच लागू पडेल अशी एकही पद्धत नाही. निवड ठरते ती पत्र्याची जाडी, धातूचा प्रकार आणि गंज नेमका कोठे आहे यांवरून. चुकीच्या निवडीचे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात. पातळ पत्रा जागेवरच लहरतो आणि ते लगेच दिसते. सांध्यात अडकलेला गंज किंवा आम्ल मात्र नवे रंगकाम झाल्यावर काही महिन्यांनी फुगवट्यांच्या रूपाने वर येते. दुसरे नुकसान अधिक महागात पडते, कारण तोवर सर्व खर्च होऊन गेलेला असतो.

पत्रा आणि गंजाची जागा

बहुतेक मोटारींचा बाहेरील पत्रा सौम्य पोलादाचा व साधारणतः ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. लोखंडाचे गंजात रूपांतर होताना त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे रंगाखाली सुरू झालेला गंज रंगाला फुगवतो आणि दोन पत्र्यांच्या सांध्यातील गंज ते पत्रे एकमेकांपासून फाकवतो.

जीपसारख्या वाहनांत स्वतंत्र चासी असते आणि वरचा सांगाडा सोडवून वेगळा करता येतो. मोनोकॉक रचनेत मात्र पत्र्याच्या पोकळ पेट्याच वाहनाचा भार पेलतात. मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० डी या मोटारीवर आधारलेली असून तिची रचना मोनोकॉक आहे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतून कायमची बाहेर पडली आणि आता ती हौशी संग्राहकांच्या हाती उरली आहे. खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस सोसलेल्या अशा मोटारीत दाराखालील पेट्या, तळाचा पत्रा, चाकांच्या कमानी व दारांच्या खालच्या कडा आधी तपासाव्या लागतात. या पेट्या आतून गंजतात. बाहेरचा रंग कितीही स्वच्छ उतरवला तरी तेथपर्यंत हात पोहोचत नाही.

रंग काढण्यापूर्वीची तपासणी साध्या साधनांनी होते. चुंबक जेथे चिकटत नाही तेथे लांबीचा जाड थर असतो. हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी पत्रा खणखणीत व कुजलेला पत्रा बद्द वाजतो. संशयास्पद जागी टोकदार अवजार दाबून पाहिले जाते. जो पत्रा कापून टाकायचाच आहे, त्यावरील गंज काढण्यात श्रम घालवण्याचे कारण नाही.

घासून काढणे

पॉलिश पेपर, तारेचा ब्रश व ग्राइंडर ही डेंटिंग-पेंटिंगच्या कामातील नेहमीची साधने. मोठ्या सपाट भागांवरील रंगासाठी ८० क्रमांकाच्या कागदाने घासणारे यंत्र उत्तम ठरते, कारण त्याचा वेग हाताच्या ताब्यात राहतो. ग्राइंडरची कडक चकती मात्र धातूच खाते आणि एका जागी रेंगाळल्यास पत्रा तापवून लहरवते. वेगाने फिरणारा तारेचा ब्रश गंज काढण्याऐवजी कधीकधी त्याला चकाकी आणतो. वरून चमकणाऱ्या पत्र्याच्या बारीक खळग्यांत काळा गंज तसाच राहतो. या फसव्या चकाकीवर प्रायमर मारणे ही वारंवार घडणारी चूक आहे.

कणांचा मारा

दाबाखालील हवेने कण फेकून पृष्ठभाग साफ करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतले. खळग्यांतील गंज मुळापासून काढण्यात हिची बरोबरी करणाऱ्या पद्धती थोड्याच आहेत. चासी, सस्पेन्शनचे भाग, चाके अशा जाड पोलादासाठी ती योग्य आहे. बॉनेट, छप्पर व दारांचा बाहेरील पत्रा यांसाठी तीच पद्धत घातक ठरू शकते.

पत्रा उष्णतेने वाकतो असे सर्रास सांगितले जाते, पण मुख्य कारण वेगळे आहे. प्रत्येक कण आदळताना पृष्ठभागावर सूक्ष्म हातोडीसारखा ठोका देतो. असंख्य ठोक्यांनी पत्र्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी तशीच राहते आणि पत्र्याला बाक येतो. त्यामुळे केवळ पत्रा गार ठेवल्याने धोका टळत नाही. दाब कमी ठेवणे, कण हलका व बारीक निवडणे, तोटी तिरपी व सतत फिरती ठेवणे हे खरे उपाय होत.

कणांची निवड पद्धतीइतकीच महत्त्वाची आहे. गार्नेट व ॲल्युमिनियम ऑक्साइड गंज कापतात. प्लॅस्टिकचे कण रंग काढतात व पत्र्याला फारसा धक्का लावत नाहीत, पण गंजापुढे त्यांचे चालत नाही. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे तांबे आतून साफ करताना त्याचा वापर झाला. काच व क्रोम यांना तो इजा करत नाही. त्याचा अल्कधर्मी अंश नीट धुतला गेला नाही तर मात्र नवा रंग धरत नाही. कोरड्या बर्फाचा मारा ग्रीस व तळाचे डांबरी लेपन काढण्यापुरता उपयोगी आहे.

नदीची किंवा समुद्राची वाळू टाळावी. तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी वाळूचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापासून निषिद्ध आहे.

रासायनिक पद्धती

रंग काढण्याच्या द्रावणांत दीर्घकाळ मिथिलीन क्लोराइड प्रमुख होते. ते बंदिस्त जागेत प्राणघातक ठरते व शरीरात त्याचे अंशतः कार्बन मोनॉक्साइड बनते. अमेरिकेत ग्राहकांसाठीच्या अशा रंगनाशकांवर २०१९ मध्ये बंदी आली. पर्यायी द्रावणे सावकाश काम करतात.

संपूर्ण सांगाडा हौदात बुडवणे हा पोकळ पेट्यांच्या आतपर्यंत पोहोचणारा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. त्याचा दोषही तेथेच आहे. घट्ट सांध्यात शिरलेले आम्ल धुऊन निघाले नाही तर ते तेथेच पत्रा खात राहते. शिवाय पेट्यांच्या आतील मूळ संरक्षक थर नाहीसा होतो आणि तो पुन्हा पिचकारीने पूर्णपणे देता येत नाही. म्हणून बुडवण्याचे काम उदासीनीकरण, धुलाई व शक्य तर विद्युत-लेपन एकाच ठिकाणी करणाऱ्या कारखान्यातच योग्य ठरते. आम्ल धातूही खाते: १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ट्रान्स-ॲम शर्यतींत वजन घटवण्यासाठी मोटारींचे सांगाडे मुद्दाम आम्लात बुडवले जात. उच्च बलाचे पोलाद व स्प्रिंगा आम्लात टाकू नयेत, कारण शोषलेल्या हायड्रोजनमुळे त्या ठिसूळ होतात.

फॉस्फरिक आम्ल हलका गंज विरघळवते व उरलेल्याचे लोह फॉस्फेट बनवते. टॅनिक आम्लावर आधारित ‘गंज परिवर्तक’ निळसर काळा थर देतात. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर यांपैकी कशाचाही भरवसा धरता येत नाही.

साखर कारखान्यातील मळी पाण्यात मिसळून केलेल्या द्रावणातही गंज उतरतो. भाग एक ते तीन आठवडे बुडवून ठेवावा लागतो आणि वास असह्य होतो. खर्च मात्र नगण्य असून चांगल्या लोखंडाला फारशी झीज होत नाही. ॲल्युमिनियमचे भाग या द्रावणात टाकू नयेत.

विद्युत विच्छेदन आणि लेसर

कंस, बिजागऱ्या यांसारख्या सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याचे द्रावण व बॅटरी चार्जर पुरेसा असतो. गंजलेला भाग ऋण अग्राला व टाकाऊ लोखंड धन अग्राला जोडतात. धन अग्र म्हणून स्टेनलेस स्टील वापरल्यास विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होते. हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्यावर करावे. स्पंदित लेसर पातळ पत्र्यालाही सुरक्षित असतो, पण यंत्र महाग असून बंद पेट्यांत त्याचा किरण पोहोचत नाही.

पोलादाखेरीज अन्य पत्रे

१९४८च्या लँड रोव्हरप्रमाणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असल्यास कॉस्टिक सोडा वर्ज्य आहे. पोलादी तारेचा ब्रशही वापरू नये; त्याचे कण रुतून बसतात व तेथूनच क्षरण सुरू होते. १९५३पासूनच्या कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या सांगाड्याला तीव्र द्रावणे मऊ करतात, म्हणून तो सहसा हाताने घासला जातो.

साफ केल्यानंतर

उघडे पोलाद दमट हवेत काही तासांत पुन्हा लालसर होते. त्यामुळे एका दिवसात जितक्या भागावर इपॉक्सी प्रायमर देता येईल तितकाच भाग उघडा करणे शहाणपणाचे असते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असावी, असा लेपनाचा प्रचलित नियम आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात तो पाळणे बंदिस्त व कोरड्या कार्यशाळेखेरीज कठीण जाते. वेल्डिंग संपल्यावर पोकळ पेट्यांत मेणाचा फवारा देतात, आणि पाणी वाहून जाण्याची छिद्रे मेणाने बुजली नाहीत हे तपासतात.

जुन्या रंगांत शिशाची संयुगे व सांध्यांच्या भरणीत प्रत्यक्ष शिसे असू शकते. अशा मोटारी कोरड्या घासताना किंवा तापवताना योग्य गाळणीचा मुखवटा वापरावा लागतो, आणि ती धूळ झाडून न काढता ओल्या फडक्याने गोळा करतात.