पर्वताच्या पोटांतील समुद्रकांठ

भूस्तरशास्त्राचा पहिला पाठ असा कीं, खालचा थर जुना आणि वरचा नवा. अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेशियन पर्वतांत हा पाठ खोटा पडतो. टेनेसी संस्थानांतील केड्स कोव्ह या खोऱ्याच्या तळाशीं चुनखडी आहे, आणि भोंवतालच्या डोंगरांचा दगड तिच्याहून पुष्कळ जुना आहे. म्हणजे जुना खडक नव्याच्या डोक्यावर चढून बसला, आणि मागाहून तो झिजल्यामुळें खिडकींतून दिसावा तसा खालचा खडक उघडा पडला. इतकें शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. वाद होता तो हा कीं, ही चढाई कांठापुरतीच, कीं सबंध पर्वतच मूळ जागेवरून उपटला गेला आहे?

हातोडी घेऊन हिंडणाऱ्याच्या आटोक्यांतला हा प्रश्न नव्हे. उत्तर आलें तें तेल शोधणाऱ्यांच्या हत्याराकडून. जमिनीस हादरा द्यावा, खोल थरांवरून परतणारा प्रतिध्वनि टिपावा आणि त्यास लागलेल्या वेळावरून खोली काढावी, ही युक्ति १९२१ सालीं ओक्लाहोमांत आजमावली गेली. पुढें पन्नास वर्षें ती बहुतेक तेलामागेंच धांवली. १९७५ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे जॅक ऑलिव्हर प्रभृतींनीं 'कोकॉर्प' या योजनेंत तिला निव्वळ ज्ञानाच्या कामीं जुंपलें. सुरुंगांच्या ऐवजीं अवजड मोटारी आल्या. त्या रस्त्यावर ओळीनें उभ्या राहत, पोटाखालची लोखंडी पाटी जमिनीवर दाबून धरीत आणि कांहीं सेकंद धरणीस थरथरवीत. परतलेला क्षीण कंप इतर गोंगाटांतून निवडण्याचें काम गणकयंत्राचें.

१९७८-७९ सालीं टेनेसीपासून जॉर्जियापर्यंत हें काम झालें. वर ६ ते १५ किलोमीटर जाडीचा स्फटिकमय खडक. त्याखालीं १ ते ५ किलोमीटर जाडीचे, बहुतेक आडवे, प्राचीन समुद्रकांठच्या गाळाचे थर! १९७९ सालीं फ्रेडरिक कुक व त्यांचे सहकारी यांनीं असें मांडलें कीं, वरचा खडक निदान २६० किलोमीटर पश्चिमेस सरकला आहे. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं आफ्रिका अमेरिकेवर आदळली, त्या रेट्याचा यांत मोठा वांटा. पर्वताखालीं गाळ आहे हें ऐकून तेलवाल्यांचेहि कान टवकारले, हें सांगावयास नकोच.

मात्र या चित्रास छायाचित्र समजूं नये. प्रतिध्वनि खडकाचें नांव सांगत नाहीं. तेथें कंपाचा वेग किंवा खडकाची घनता बदलते, एवढेंच सांगतो. त्या आडव्या रेषा गाळाच्याच, कीं रेटारेटींत चिरडलेल्या खडकाच्या पट्ट्या, ही शंका निघालीच. आम्हांस ती रास्त वाटते. पश्चिमेकडे खिडक्यांतून दिसणारा खडक प्रतिध्वनीची साक्ष पटवितो, म्हणून तेथें कुक यांचा पक्ष बळकट आहे. पूर्वेकडे ही सरक कोठें मुळाशीं जाते, याविषयीं मतभेद उरले. ते फेडण्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत अतिखोल भोंक पाडण्याची योजना आंखली गेली. जागेची पाहणीहि झाली. परंतु तें भोंक कधींच पाडलें गेलें नाहीं.