सरोवरकांठचें अभयारण्य : एक पूर्वकथा

'सफारी' हा शब्द आतां आमच्या घरांतून परका राहिलेला नाहीं. मूळचा अरबी 'सफर' स्वाहिली भाषेंत जाऊन 'सफारी' झाला. तोच शब्द फारसीच्या वाटेनें मराठींत येऊन 'सफर' म्हणून शतकांपूर्वींच स्थिरावला आहे. एके काळीं सुटी आली म्हणजे महाबळेश्वर किंवा फार तर नैनिताल गांठणारीं कुटुंबें आज आफ्रिकेचा नकाशा पसरून बसतात. आमच्या स्नेह्यांपैकीं अशाच एका कुटुंबानें युगांडांतील 'क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान' पाहण्याचा बेत केला आणि जाण्यापूर्वीं काय जाणून घ्यावें, असें आम्हांस विचारलें. त्यांच्याजवळच्या प्रवासपत्रकांत त्या भूमीस 'मनुष्याचा हात न लागलेली' असें विशेषण जोडलेलें होतें. तें वाचून आम्हीं जें उत्तर दिलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. हें उद्यान युगांडाच्या पश्चिम सीमेवर, रुवेन्झोरी पर्वताच्या पायथ्याशीं, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस पसरलेलें असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,९७८ चौरस किलोमीटर आहे. राजधानी कंपालाहून मोटारीनें जावयास जवळजवळ एक दिवस लागतो. जून ते ऑगस्ट व डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने कोरडे, म्हणून सोयीचे. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घेऊन तिचा दाखला जवळ बाळगावा; तो तिकडे शिरतांना लागतो, तसाच परत येतांनाही लागतो. एडवर्ड व जॉर्ज या दोन सरोवरांना जोडणारा काझिंगा नांवाचा नैसर्गिक प्रवाह आहे. त्यांतून नावेनें जातांना पाणघोडे, मगरी, हत्ती आणि रानरेडे अगदीं जवळून दिसतात. दक्षिणेकडे इशाशा येथें सिंह उंबराच्या जातीच्या झाडांवर चढून फांद्यांवर पहुडतात. इतकें पाहिलें म्हणजे प्रवासाचें सार्थक झालें, असें पुष्कळांस वाटतें.

परंतु नावेंतून दिसणारें तें विस्तीर्ण, निर्मनुष्य कुरण निर्मनुष्य कां आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास सुटत नाहीं.

स्टॅन्ले सन १८८९ मध्यें या बाजूस आला, आणि त्यानें मोठ्या सरोवरास इंग्लंडच्या तत्कालीन युवराजाचें नांव दिलें. त्या सरोवराला स्थानिक नांव नव्हतें असें थोडेंच आहे! तेथें माणसें होतीं, गुरें होतीं, बाजार होता. बासोंगोरा नांवाचे गोपालक लोक लांब शिंगांच्या गाईंचे कळप या मैदानांवर चारीत असत. काट्वे येथील खाऱ्या तळ्याचें मीठ दूरवर विकावयास जाई. त्या मिठाचा लोभ असा होता कीं, आसपासचीं राज्यें त्यासाठीं झगडत. सन १८९१ मध्यें लुगार्डनें बुन्योरोच्या काबालेगा राजाविरुद्ध तेथें गढी उभारली, तिचें एक कारण हेंच. आजही काट्वेस लोक पाण्यांत उभे राहून मीठ काढतात. म्हणजे ज्या भूमीस आपण 'रान' म्हणतों, ती राजकारणाची व व्यापाराची भूमि होती.

मग ती ओस कशी पडली? या ठिकाणीं कथेचा धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. गुरांचा बुळकांडी हा रोग आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. सन १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठीं तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरांत जीं गुरें उतरविलीं गेलीं, त्यांच्याबरोबर हा रोग पूर्व आफ्रिकेंत शिरला, आणि तीं गुरें हिंदुस्थानांतून आणलेलीं होतीं, असें बहुतेक इतिहासकार मानतात. तिकडच्या गुरांस हा रोग अगदीं नवा. दहा वर्षांच्या आंत तो खंडाच्या दक्षिण टोंकास जाऊन भिडला. पुष्कळ प्रदेशांत दहांतलीं नऊ गुरें मेलीं. रानरेडे व हरणेंही मेलीं. ज्यांचें धन, अन्न आणि सोयरिकीचा व्यवहार सर्व गाईवर, त्यांची काय गत झाली असेल, याची कल्पना आपल्यासारख्या कृषिप्रधान देशांतील वाचकास करून देण्याची गरज नाहीं.

याच काळांत गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं हिंदुस्थान सरकारनें आपली प्रयोगशाळा सन १८८९ मध्यें आमच्या पुण्यास काढली. पुढें १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरास गेली. ज्या देशांतून रोग गेला, तेथेंच त्याच्यावरील उपायाचा शोध चालला होता, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जर्मन शास्त्रज्ञ कॉख यानें दक्षिण आफ्रिकेंत या रोगावर प्रयोग केले आणि १८९७ मध्यें तो मुक्तेश्वरासही येऊन गेला. रोगाचें संपूर्ण उच्चाटन मात्र सन २०११ मध्यें जाहीर झालें. देवीनंतर पृथ्वीवरून नाहींसा झालेला हा दुसराच रोग होय.

गुरांमागून माणसांवर पाळी आली. सन १९०० पासून युगांडांत निद्रारोगाची सांथ पसरली. त्से-त्से माशीच्या दंशानें होणाऱ्या या रोगानें वीस वर्षांत सुमारें अडीच लाख माणसें नेलीं; त्यांतलीं बहुतेक व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठचीं. कॉख १९०६ मध्यें तेथेंही गेला. पण औषधाची वाट न पाहतां इंग्रज गव्हर्नर हेस्केथ बेल यानें सरोवरकांठचे लोक उठवून आंत हालविण्याचा हुकूम काढला, आणि पुढें तेंच धोरण एडवर्ड व जॉर्ज सरोवरांच्या तीरांवरही चाललें. हेतु प्राण वाचविण्याचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण माणूस गेला, गुरें गेलीं, झुडपें माजलीं आणि माशीचें राज्य पक्कें झालें. जॉन फोर्ड या कीटकशास्त्रज्ञानें सन १९७१ मधील आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, वस्ती, चराई व झाडतोड यांच्या योगें आफ्रिकन समाजांनीं या माशीस पूर्वापार आटोक्यांत ठेविलें होतें. ती घडी परकी सत्तेच्या काळांत विस्कटली. हें मत सर्वांशीं मान्य नसलें, तरी विचार करावयास लावणारें खास आहे.

अशा रीतीनें रिकामी झालेली भूमि आधीं शिकारीचें राखीव रान ठरली, व सन १९५२ मध्यें 'काझिंगा राष्ट्रीय उद्यान' झाली. सन १९५४ मध्यें राणी एलिझाबेथ युगांडांत आली. तेव्हांपासून आजचें नांव. 'मनुष्याचा हात न लागलेल्या' या भूमींत मनुष्याचा हात तेव्हांही थांबला नाहीं. पाणघोडे इतके वाढले कीं, कुरणें उघडीं पडूं लागलीं, म्हणून १९५८ पासून सरकारनेंच हजारों पाणघोडे मारले. पुढें १९७१ मध्यें इदी अमीन सत्तेवर आला. त्यानें पुढल्याच वर्षीं हिंदी व्यापाऱ्यांस देशाबाहेर घालविलें, आणि १९७३ मध्यें एडवर्ड सरोवरास स्वतःचें नांव दिलें! त्याच्या राजवटींत व तिच्या पाडावाच्या धुमाळींत हस्तिदंतासाठीं इतकी कत्तल झाली कीं, १९८० च्या सुमारास येथें दीडशेच्या आसपास हत्ती उरले. आज त्यांची संख्या पुन्हां हजारांवर गेली आहे, याचें श्रेय तेथील रक्षकांस दिलेंच पाहिजे.

आणि ते बासोंगोरा? त्यांच्यांतील पुष्कळ कुटुंबें गुरांसह कांगोच्या हद्दींत गेलीं होतीं. सन २००६ मध्यें तेथूनही हांकललीं गेल्यामुळें तीं परतलीं, तों जुनीं कुरणें उद्यानांत गेलेलीं. उद्यानाच्या सीमेंतच कांहीं कोळी-गांवें आजही आहेत. त्यांपैकीं हामुकुंगू या गांवाजवळ सन २०१८ च्या एप्रिलमध्यें तीन सिंहिणी व आठ छावे विषानें मेलेले आढळले. या कृत्याचें समर्थन कोणीही सुज्ञ मनुष्य करणार नाहीं. पण ज्याच्या गोठ्यांतली गाय सिंहानें नेली, त्यास प्रवाशाच्या आनंदाचा कितीसा वांटा मिळतो, हा प्रश्न विचारल्यावांचून केवळ निषेध करणें सोपें आहे. प्रवेशशुल्काचा कांहीं भाग भोंवतालच्या गांवांस देण्याची पद्धत तेथें आहे, ती याच जाणिवेंतून.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं जाऊं नका असें सांगितलें नाहीं. अवश्य जा असेंच सांगितलें. मात्र नावेच्या सफरीस एक दिवस दिला, तर अर्धा दिवस काट्वेच्या मिठागरास द्यावा. सिंह दिसला नाहीं तर हळहळूं नये. कुरण दिसलें तर तेथें कोणाचीं गुरें चरत होतीं, याची आठवण ठेवावी. तीं गुरें ज्या रोगानें मेलीं, त्याचें नांव आपल्या भाषेंत घरोघर ठाऊक होतें. एवढें ऋण मनांत असलें, म्हणजे त्या सरोवरकांठीं आपण केवळ पाहुणे म्हणून उतरणार नाहीं.